पांढऱ्या कागदाचा फोटो

४ फेब्रुवारी, मंगळवार

ताई,

वर काय लिहावं यातच अर्धा तास गेला. 'प्रिय' लिहिलं तर तू म्हणणार, कधीपासून? म्हणून नुसतं 'ताई'. त्यात कुणाला खोट काढता येणार नाही. पत्ता मावशीकडून घेतला. ती म्हणाली, सख्ख्या बहिणी तुम्ही आणि एकमेकींचा पत्ता मला विचारता, मला टपालखात्यात तरी चिकटवा.

लिहायचं कारण अगदी क्षुल्लक आहे. लेन्स बदलण्याआधी कॅमेरा बंद करायचा की नाही, एवढंच विचारायचंय.

झालं असं, की कॅमेऱ्याचं बटण अडकायला लागलं म्हणून गेल्या आठवड्यात तो दुरुस्तीवाल्याकडे नेला. तोच आपला, जिन्याखाली बसणारा, ज्याला तू सर्जन म्हणायचीस. हल्ली चष्मा दोरीने गळ्यात अडकवतो आणि तरी शोधत बसतो. त्याने विचारलं, याने काढता काय? मी म्हटलं, लोकांच्या पाठी. तो दचकलाच. मग सगळं सांगावं लागलं. रुग्णालयाचा त्वचाविभाग, अंगावर फार तीळ असलेल्या माणसांना दर वर्षी बोलावतो, पाठ-पोट-हात-पाय सगळं टिपतो, मग डॉक्टरीणबाई जुना नि नवा फोटो शेजारी ठेवून बघतात की नवं काय उगवलं आणि जुनं काय पसरलं. पूर्ण पाठीला एक लेन्स, एकेका तिळाला दुसरी, म्हणजे दिवसातून चाळीस वेळा अदलाबदल. तो म्हणाला, चाळीस? आणि दर वेळी बंद करता? मी हो म्हटलं. ते खोटं होतं, हे तुला सांगायला नकोच.

पुस्तिकेत लिहिलंय, बंद करा. तू सांगायचीस, बंद कर, कारण चालू असताना आतल्या काचेत वीज खेळत असते आणि केसांतून फिरवलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो तशी ती धूळ ओढते. इंटरनेटवर निम्मे लोक म्हणतात हे थोतांड आहे आणि निम्मे म्हणतात, न करणारे अडाणी आहेत. तुला आता काय वाटतं? तिकडे जुन्या नकाशांचे फोटो काढतेस, तिथेही दर वेळी बंद करतेस का?

बाकी सगळं ठीक. आपल्या डॉक्टरीणबाईंना अजून सगळे मोठ्या बाईच म्हणतात, उंची होती तेवढीच आहे. तुझी आठवण काढतात. तू लावलेली वेळापत्रकाची पाटी अजून भिंतीवर आहे, मी खिळासुद्धा बदललेला नाही.

एक राहिलंच. डिसेंबरात तू वर्षाच्या फोटोंना आली नाहीस. इथेच यायला पाहिजे असं नाही, तिकडेही कातडीचे डॉक्टर असतीलच. दाखवून घे. आणि दाखवशीलच, तर डाव्या खांद्यामागे, हाडाच्या जरा खाली, जिथे आपला आपल्याला हात पोचत नाही, तिथे बघायला सांग. सहज म्हणतेय.

तुझी
भिंगरी

१३ फेब्रुवारी, गुरुवार

ताई,

नऊ दिवस झाले. पत्र पोचायला तीन, तुला राग गिळायला तीन, उत्तर यायला तीन, असं मी धरून चालले होते. राग गिळायला जास्त लागत असतील.

इथे माझं काही खरं नाही. समोर कुणाचीही पाठ आली की माझी नजर आधी डाव्या खांद्यामागे जाते. काल एका आजोबांनी विचारलं, तिथे काही आहे का हो? मी म्हटलं, छे, काही नाही. ते म्हणाले, मग इतका वेळ काय वाचताय?

ताकाला जाऊन भांडं किती लपवायचं. त्या दिवसाबद्दल बोलते.

चौदा महिने झाले. तू उजेडात उभी होतीस, पाठ माझ्याकडे. मोठ्या बाई दारात होत्या, नवी नर्स टेबलाशी, पडद्यामागे दोघं जण वाट बघत होते. मी लेन्स काढली. तू वळूनसुद्धा बघितलं नाहीस. नुसत्या कानांनी ओळखलंस.

"बंद केल्याचा आवाज आला नाही," म्हणालीस. "आधी बंद कर. पाच वर्षं झाली, अजून सांगावं लागतं."

आता वाटतं, घरात तू मला याहून वाईट बोललेली आहेस आणि मी हसून सोडून दिलेलं आहे. पण त्या खोलीत तोपर्यंतची पाच वर्षं मी जे करत होते, ते सगळं तुझ्याकडून उसनं आणल्यासारखं वाटायचं. तू बारा वर्षं तिथे होतीस. नोकरी तूच मिळवून दिलीस. चूक झाली की लोक म्हणायचे, मोठी असती तर. आणि त्या दिवशी मोठी तिथे होती, आणि सगळ्यांसमोर बोलली.

मी काय म्हटलं ते मला शब्दन् शब्द आठवतंय. "ताई, तू आता इथे पेशंट आहेस. पाठ कर आणि उभी राहा."

पाठ तर तू केलेलीच होतीस. नर्स फिसकन हसली. तू उभी राहिलीस, सांगेन तसा हात वर केलास, सांगेन तशी वळलीस, एक अक्षर बोलली नाहीस. मग कपडे घातलेस आणि निघून गेलीस. मोठ्या बाईंनी प्रत्यक्ष तपासायचं होतं, त्यालाही थांबली नाहीस. त्यांनी माझ्या फोटोंवरूनच अहवाल लिहिला. नवीन काही नाही, असा.

आता जे लिहिणार आहे ते वाचून घाबरू नकोस. मध्यंतरी जुने फोटो चाळताना तुझ्या त्या फोटोत डाव्या खांद्यामागे मला काहीतरी दिसलं. बारीक आहे. बहुतेक धूळच असेल, आपल्या कॅमेऱ्याची अवस्था तुला माहीत आहे. पण तू एकदा दाखव. पोटरीवरचा तो कर्करोगाचा तीळ वेळेत सापडला, वेळेत काढला, म्हणून तू आज नकाशांना हातमोजे घालून हात लावतेस. त्यानंतर तू ही खोली का सोडलीस तेही मला माहीत आहे. दिवसभर दुसऱ्यांचे तीळ बघायचे आणि घरी जाऊन आपले मोजायचे, हे तुला सोसेना. नकाशांना असले रोग होत नाहीत, म्हणाली होतीस.

तू एकटी राहतेस. तुझी पाठ बघणारं घरात कोणी नाही. आरशात मान वळवून काय दिसतं? अर्धा खांदा आणि दुखणारी मान. शेजारणीला सांग, कुणालाही सांग.

दोन ओळी टाक. शिव्या असल्या तरी चालतील.

भिंगरी

२० फेब्रुवारी, गुरुवार

ताई,

दोन्ही पत्रांत मी तुझ्याशी खोटं बोलले. 'बहुतेक धूळच' हे खोटं आहे. 'मध्यंतरी दिसलं' हेही खोटं आहे. ते मला त्याच दिवशी दिसलं होतं आणि मी ते पुसलं.

आता क्रमाने सांगते, कारण क्रम सोडला की मी वळणं घेते.

दिवसाच्या सुरुवातीला आणि शेवटी पांढऱ्या कागदाचा फोटो काढायचा, हा तुझा नियम. कागदावर काही नसतं, म्हणजे फोटोत जो ठिपका येईल तो आतल्या काचेवरच्या धुळीचा. रुग्णाच्या फोटोत तसाच ठिपका नेमका त्याच जागी आला तरच पुसायचा, म्हणजे मोठ्या बाईंचा घोटाळा होत नाही. ताडल्याशिवाय पुसायचं नाही. धूळ चौकटीत एका जागी बसते, तीळ माणसाबरोबर हलतो. पहिल्या दिवशी हे वाक्य तू मला तीनदा म्हणायला लावलंस आणि मी शाळेतल्या पाढ्यांसारखं म्हटलं.

त्या संध्याकाळी तुझे फोटो संगणकावर उघडले. डाव्या खांद्यामागे ठिपका होता. मोहरीपेक्षा बारीक, काळा, एका बाजूला जरा फिसकटलेला. आणि ताई, माझ्या मनात पहिला विचार तुझ्या प्रकृतीचा आला नाही. पहिला विचार आला, घ्या, ताई बरोबर ठरली. बंद केला नाही आणि बसली धूळ. मोठ्या बाईंनी सकाळचं सगळं ऐकलेलं. हा ठिपका त्यांनी बघितला असता तर एवढंच म्हणाल्या असत्या, मोठीने सांगितलं होतं ना? ते वाक्य मला ऐकायचं नव्हतं. म्हणून मी तो पुसला. एक टिचकी लागते.

मग तिरका काढलेला फोटो उघडला. त्यातही ठिपका होता, पण चौकटीत दुसऱ्या जागी. तू वळली होतीस, तो तुझ्याबरोबर वळला होता. मला ते दिसलं. दिसत असून मी स्वतःला सांगितलं, दोन कण असतील. आणि तोही पुसला. तू बरोबर ठरू नयेस म्हणून.

पांढऱ्या कागदाचा फोटो मी त्या संध्याकाळीही काढला होता, हाताला सवय म्हणून. उघडून बघितला नाही. तो पडून राहिला असता, पण दुरुस्तीवाला म्हणाला, काच कधीपासून मळलीय बघायचंय, पांढऱ्या कागदाचे जुने फोटो असतील तर आणा. मी सगळे नेले. तो एकेक बघत गेला, इथे कण, इथे दोन, इथे केस. मग तो दिवस आला. कोरा. चारही कोपरे कोरे.

मी त्याला विचारलं, त्या दिवशी मी बंद न करता बदलली होती, मग धूळ कशी नाही? तो हसला. म्हणाला, "बाई, धुळीला स्विच दिसत नाही. तोंड खाली धरा, पटकन बदला, पंख्याखाली उभं राहू नका. पण तरी बंद करत जा. बंद करायला जे थांबता ना, त्यात आपण काय करतोय ते आठवतं."

मी तिथेच त्याच्या स्टुलावर बसले. त्याला वाटलं मला चक्कर आली. त्याने पाणी दिलं.

तू चुकली होतीस, ताई. मी बंद केला नाही आणि धूळ आली नाही. आयुष्यात एकदा तुझ्याविरुद्ध मी बरोबर ठरले, आणि आता हात जोडून म्हणतेय की तूच बरोबर असायला हवी होतीस.

पुसायच्या आधीचे मूळ फोटो जपलेले असतात. मी काढून बघितले. ठिपका तिथे आहे. त्याच्या आदल्या वर्षीच्या फोटोत नाही.

मग फोन का केला नाही, असं तू विचारशील. घरचा नंबर तू बदललास, पण कचेरीचा मला माहीत आहे. तीनदा लावला आणि वाजायच्या आत ठेवला. गाडीत बसले असते तर संध्याकाळपर्यंत तुझ्या दारात आले असते. आले असते तर तोंडाने सांगावं लागलं असतं. आणि मोठ्या बाईंना का नाही सांगितलं, तर रुग्णाचा फोटो बदलणं म्हणजे काय हे तुला मी शिकवायला नको. नोकरी जाईल, आणि लोक मान हलवतील, मोठी असती तर. माझा बेत असा होता, की तू आपली आपण डॉक्टरांकडे जाशील, त्यांना ते दिसेल, आणि मला कुणाला काही सांगावं लागणार नाही. पहिलं पत्र पुन्हा वाच. त्यातला 'सहज' त्यासाठीच होता.

आज जा. उत्तर लिहू नकोस, आधी जा.

भिंगरी

२४ फेब्रुवारी, सोमवार

ताई,

आज सकाळी रुग्णालयात निघाले तर दाराशी दोन पाकिटं. माझंच अक्षर. पहिलं आणि दुसरं पत्र, दोन्हींवर शिक्का, या पत्त्यावर राहत नाहीत.

मावशीला फोन केला. ती म्हणाली, अगं हो, तिने घर बदललं की दिवाळखोर मालकाच्या कटकटीने, मला कळवलं होतं, मी वहीत मागच्या पानावर लिहिलं आणि तुला पुढचं पान वाचून दाखवलं. मग म्हणाली, एवढं काय आहे त्या पत्रात? मी सांगितलं. मावशी म्हणाली, "पत्र कसलं लिहितेस? आग लागल्यावर पत्र लिहितात का?"

वीस दिवस मी समजत होते की तुला कळवलंय. रोज स्वतःला सांगत होते, मी माझं काम केलंय, आता तिचा हट्ट. तुला काहीच माहीत नव्हतं. तू नकाशांचे फोटो काढत होतीस आणि मी इथे पत्र टाकल्याचं पुण्य मोजत होते.

सरळ मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. त्यांच्याकडे रुग्ण होता, तो बाहेर येईपर्यंत उभी राहिले, नाहीतर पाय परत फिरले असते. सगळं सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मूळ फोटो आणि पुसलेला फोटो शेजारी लावायला सांगितले. चष्मा वर करून, स्क्रीनला नाक लागेल इतक्या जवळून बघितलं. मग म्हणाल्या, "तिचा नंबर."

फोन त्यांनीच केला, कचेरीत. मी भिंतीला टेकून उभी होते. त्या तुझ्याशी किती साध्या बोलल्या ते तुला माहीत आहेच. उद्या निघा, परवा सकाळी मी बघते. तू पलीकडून काय म्हणत होतीस ते ऐकू येत नव्हतं. एकदाच त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हो, इथेच आहे." आणि फोन संपला. तू विचारलं असणार, ती तिथे आहे का. का विचारलंस ते मी दिवसभर चघळतेय.

मग त्यांनी मला बसवलं आणि विचारलं, "आणखी कुणाचं पुसलंस?"

मी म्हटलं, ताडून पुसलेले खूप आहेत. न ताडता किती, आठवत नाही. त्या खोलीत आज मी जे काही बोलले त्यात हेच सगळ्यात वाईट होतं. त्यांनी कॅमेऱ्याच्या कपाटाची किल्ली मागितली. मी दिली. उद्यापासून माझं काम एवढंच, की डोळ्यांच्या विभागातल्या फोटोवाल्याबरोबर बसून माझे सगळे फोटो मूळ फोटोंशी एकेक ताडायचे. तो आजच माझ्याशी फार अदबीने वागला, आणि ते सोसवलं नाही.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? तूच येणार आहेस. तरी लिहिलं, कारण हाताला दुसरं काही काम नाही.

भिंगरी

१७ मार्च, सोमवार

ताई,

तू आतल्या खोलीत झोपली आहेस आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तुला पत्र लिहितेय, म्हणजे बघणाऱ्याला वाटेल डोकं फिरलंय. पण तूच सांगितलंस. परत आलेली पत्रं दे सगळी, आणि राहिलेलं एक लिही, तोंडाने तू वळणं घेतेस. तिसरंही शिक्का मारून परत आलं, ते तुझ्या उशाशी ठेवलंय. हे शेवटचं त्यावर ठेवीन.

तू आलीस त्या सकाळबद्दल लिहायचंय, कारण आपण दोघी त्याबद्दल बोललो नाही.

मोठ्या बाईंनी डोळ्यांच्या विभागातल्या फोटोवाल्याला बोलावून ठेवलं होतं. तो कॅमेरा घेऊन तयार. मी दाराबाहेर बाकावर. आतून तुझा आवाज आला. "माझी पाठ तिच्या ओळखीची आहे. तिला काढू दे. तुम्ही शेजारी उभ्या राहा हवं तर." मग दार उघडलं.

तू आपली आपण पाठ करून उभी राहिलीस. मला काही सांगावं लागलं नाही. आणि तो ठिपका तिथे होता. आता मोहरीपेक्षा लहान नव्हता. मसुरीएवढा, कडा फाटक्या, एका बाजूला निळसर. चौदा महिने त्याला कुणी बघितलं नव्हतं.

पूर्ण पाठ काढली. मग जवळची लेन्स लावायची वेळ आली. मी थांबले, कॅमेरा बंद केला. त्या शांततेत स्विचचा आवाज केवढा आला.

"ऐकू आला," तू म्हणालीस, पाठमोरीच. मग हळूच, "मी तिकडे बंद करत नाही. कधीच नाही. नकाशे इतके असतात, कोण करत बसतंय. काही होत नाही."

मी म्हटलं, मग त्या दिवशी का बोललीस?

मोठ्या बाई खिडकीकडे बघायला लागल्या. मग तू जे बोललीस ते मी इथे जसंच्या तसं लिहिते, कारण ते दुसऱ्या कुणाकडून ऐकण्यासारखं नाही आणि मला विसरायचंही नाही.

"खांद्यामागे खाजत होतं. महिनाभर. भीती वाटत होती, म्हणून तुझ्यावर ओरडले. मग अहवाल आला, नवीन काही नाही. मी म्हटलं, चला, भिंगरीने काढलेत फोटो, म्हणजे नसेलच काही. आणि खाजवत राहिले."

तू माझ्याशी बोलत नव्हतीस, पण माझ्या फोटोवर विश्वास ठेवून बसली होतीस. स्वतःच्या पाठीपेक्षा जास्त. मला वाटायचं तू मला शिकाऊच समजतेस. डिसेंबरात आली नाहीस ती रागाने, असंच मी धरलं होतं. तू म्हणालीस, राग होताच, पण मागच्या वेळी स्वच्छ निघालं होतं, म्हटलं एक वर्ष नाही गेलं तर काय बिघडतं.

मी कॅमेरा हातात धरून रडले. तू म्हणालीस, "लेन्सवर पडेल. आधी फोटो काढ." मी काढले.

पुढचं तुला माहीत आहे, तरी एका जागी असावं म्हणून लिहिते. त्याच दुपारी तो काढला. अहवाल आला, पोटरीवरच्याच जातीचा, पण त्यापेक्षा खोल. परवा भोवतालची कातडी काढतील आणि रोग पुढे पसरलाय का ते बघायला काखेतली गाठ तपासतील. ती स्वच्छ निघाली तर पुष्कळ झालं. मी मोठ्या बाईंना एकटीला गाठून विचारलं, चौदा महिन्यांपूर्वी कळलं असतं तर? त्या म्हणाल्या, "तेव्हा वर होता. आता खाली आहे. याच्या पलीकडे मी तुला काही सांगू शकत नाही, आणि तू मला विचारू नकोस." म्हणून मी तुला विचारते आणि तूही सांगू नकोस.

बाकी फोटोंचं ताडून झालं. न ताडता मी अकरा ठिकाणी पुसलं होतं. अकराही ठिकाणी धूळच निघाली. फोटोवाला म्हणाला, अभिनंदन. मग त्याचं त्यालाच वाईट वाटलं. चौकशीचा निकाल पुढच्या महिन्यात लागेल. नोकरी राहील असं वाटत नाही, आणि राहावी असं कुणाला सांगायला मी जाणार नाही.

काल तू भात ढवळता ढवळता म्हणालीस, की तू मला माफ केलंय की नाही ते तुला अजून माहीत नाही, आणि मी रोज तोंड बारीक करून समोर बसले तर कधीच कळणार नाही. म्हणून आज मी तुला पत्त्यांत हरवलं. तू म्हणालीस मी लबाडी केली. केली होती.

आज दुपारी शस्त्रक्रियेआधीचे फोटो काढायचे होते. मोठ्या बाईंनी किल्ली दिली, एका तासापुरती, आणि स्वतः खुर्ची घेऊन बसल्या. तू उभी राहिलीस, मी काढले, चौदा फोटो. दर वेळी कॅमेरा बंद केला, तोंड खाली धरलं, पंखा बंद ठेवला, दारही लावलं. तू म्हणालीस, एवढं तर पूजेला पण कोणी करत नाही.

शेवटी पांढऱ्या कागदाचा फोटो काढला आणि या वेळी तिथल्या तिथे उघडला. वर उजव्या कोपऱ्यात एक ठिपका. इतकं सगळं करून शेवटी धूळ बसलीच. मी मोठ्या बाईंसमोर तुझे चौदाही फोटो एकेक करून त्याच्याशी ताडले. तू वळलीस तरी तो हलत नाही, हात वर केलास तरी हलत नाही, चौदाही ठिकाणी तो नेमका त्याच जागी आहे. नियमाप्रमाणे तो पुसायला हरकत नव्हती, मोठ्या बाईही तसं म्हणाल्या.

परवा शस्त्रक्रियेच्या वेळी तुझ्या पाठीचे फोटो मोठे करून लावतील तेव्हा तो दिसेल. कुणी विचारलं तर सांग, तो तुझा नाही, माझा आहे. मी तो पुसलेला नाही.

भिंगरी